पस्तीस हजारांत लिनक्सचा लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न

कॉलेजे सुरू व्हायच्या सुमारास लॅपटॉपविषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो. यंदाच्या बऱ्याच पत्रांत पैसे मोजके, काम प्रोग्रॅमिंगचे आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हवी, अशी मागणी आहे. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. कॉलेजात प्रॅक्टिकल्स उबुंटू लिनक्सवर होतात. बजेट ३५ हजार, फार तर ३८. नवा घ्यावा, की कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड? घरच्यांचा कल नव्याकडे आहे, वॉरंटी मिळते म्हणून. (कोथरूड)

उत्तर : रिफर्बिश्ड घ्या, पण प्रोसेसरची पिढी पाहून घ्या.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेच्या प्रॅक्टिकल अभ्यासक्रमात ६४-बिट मुक्तस्रोत लिनक्स किंवा त्यावर बेतलेली सिस्टीमच सुचवलेली असते. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर लिनक्स असणे सोयीचेच. आता या किमतीतले नवे लॅपटॉप पाहा. डबा चकचकीत, कीबोर्ड लवचिक, ८ जीबी रॅम आणि अनेकदा ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. कोड लिहायचा व्हीएस कोड, दहा-पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर आणि डॉकरचा एखादा कंटेनर (प्रोग्रॅम वेगळा चालवायची पेटी) एवढ्यात ८ जीबी भरतात. मग सिस्टीम रॅममध्ये न मावलेले एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर, ठेवू लागते (स्वॅप) आणि माउसचा बाण अडखळतो. पुढच्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा इम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) आला, की १६ जीबीशिवाय गत्यंतर नाही. सोल्डर केलेल्या रॅमला त्या वेळी काहीही करता येत नाही.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून ३-४ वर्षांनी बाहेर पडणारे लॅपटॉप मुळात महागड्या वर्गातले असतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगाने बाजारात आले आहेत आणि स्वस्तात मिळतात. लिनक्स त्यांच्यावर उत्तम चालते, तरीही ते घेऊ नका. सातव्या पिढीच्या आय५-७३००यू मध्ये २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) आहेत, तर आठव्या पिढीच्या आय५-८३५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. दोघांवर स्टिकर मात्र ‘आय५’ असाच. कोड कंपाइल करताना हा फरक रोज जाणवतो. डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे धरायचे. म्हणजे ८३५०यू आठवी, १०२१०यू दहावी, ११३५जी७ अकरावी.

लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९० आणि एचपीचा एलिटबुक ८४० जी५ या तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत, म्हणून आमची पसंती यांना. नावातल्या एका अक्षराने घोळ होतो, तो सांभाळा. टी४८०एस मध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट आहे, टी४९० चेही तसेच. एक्स१ कार्बन आणि एक्स२८० मध्ये सगळीच सोल्डर केलेली. दुकानदार ‘तेच आहे, फक्त पातळ’ असे सांगतो. पातळ झाला तो स्लॉट काढूनच.

स्क्रीनचे रेझोल्यूशन विचारायला विसरू नका. याच मॉडेलमध्ये १३६६ × ७६८ ची स्क्रीनही येते आणि तिच्यावर कोडच्या जेमतेम तीस ओळी दिसतात. १९२० × १०८० आणि आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारी स्क्रीन), याखाली जाऊ नका. वॉरंटीचे म्हणाल, तर ती जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबरसकट लिहून घ्या. तोंडी सहा महिन्यांना काही अर्थ नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. काही ऑनलाइन परीक्षा सेफ एक्झॅम ब्राउझरवर होतात. तो विंडोज आणि ॲपलच्या सिस्टीमवरच चालतो, लिनक्सवर नाही. कॉलेजात तो वापरतात का, हे विचारा. वापरत असतील तर विंडोज पूर्ण पुसून टाकू नका, शेजारी शंभरेक जीबीत राहू द्या. आठवी पिढी घ्यायला हे आणखी एक कारण.

प्रश्न : टिळक रस्त्यावर एका दुकानात टी४८० पाहून ठेवला आहे. पैसे देण्याआधी दुकानातच काय काय तपासावे? दुकानदार अर्धा तास देईल. (सदाशिव पेठ)

उत्तर : अर्धा तास पुरेसा आहे, पण तयारी घरून करून जा. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट २२ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) बलेना एचर या प्रोग्रॅमने लिहून घ्या. व्हेंटॉय (एका पेन ड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवू देणारे साधन) एरवी फार उपयोगी, पण सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर ‘की’ नोंदवायला सांगते. दुकानदारासमोर तो घोळ नको.

आधी बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग्ज. थिंकपॅडवर चालू करताना एफ१ दाबा आणि सिक्युरिटीत जाऊन सुपरवायझर पासवर्ड लावलेला आहे का ते पाहा. लावलेला असेल आणि दुकानदाराला माहीत नसेल, तर तिथूनच माघारी फिरा. थिंकपॅडवर हा पासवर्ड विसरला तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच आहे. सिक्युरिटीतच ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची चोरी-शोध सुविधा दिसेल, ती चालू नसावी. बायोसमधला सिरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतो का, तेही बघा. जुळत नसेल तर बोर्ड कुठून तरी दुसरीकडून आलेला आहे.

मग एफ१२ दाबून पेन ड्राइव्हवरून बूट करा. डेलवरही एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. मिंट इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालते. दुकानाच्या वायफायवर न जाता स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, म्हणजे सिग्नलची सबब उरत नाही. आवाज, माइक, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कीज आणि टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणे, हे सगळे पाच मिनिटांत होते. टेक्स्ट एडिटर उघडून प्रत्येक की एकदा दाबा. झाकण मिटून दोन मिनिटे थांबा आणि उघडा. पडदा काळाच राहिला किंवा वायफाय परत आले नाही, तर स्लीपची कटकट आहे. ती घरी नेऊन आपोआप सुटत नाही.

बॅटरीसाठी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत ‘यूपॉवर’ (upower) लिहा, मग एक जागा सोडून डॅश आणि ‘डी’. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. बॅट० आतली, सुमारे २४ वॉट-तासांची. बॅट१ मागची, काढता-घालता येणारी; ती २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची असू शकते. प्रत्येकीच्या तपशिलात ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘एनर्जी-फुल’ म्हणजे आत्ताची. २४ पैकी १५.६ दिसले, तर ६५ टक्के उरली. साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा. आकडा संशयास्पद रीतीने शंभर टक्के असेल, तर बॅटरी बहुधा बाहेरची, स्वस्तातली बसवली आहे. ही सगळी तपासणी चार्जर काढूनच करा आणि टक्केवारी एकदम वीस-पंचवीसने घसरते का ते पाहा.

एसएसडीची तब्येत पाहायला ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) ही आज्ञा. पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्ये नसेल तर हॉटस्पॉटवरून ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज तिथल्या तिथे टाकता येते. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) असेल तर ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ या दोन ओळी वाचा. दहा-पंधरा टक्के वापर म्हणजे काहीच नाही. ऐंशीच्या पुढे असेल तर एसएसडी बदलून मागा.

आणि खास टी४८० साठी : चार्जर दोन्ही यूएसबी-सी पोर्टमध्ये आळीपाळीने लावून पाहा. या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (हे पोर्ट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) एक दोष होता आणि त्याने हे पोर्ट कालांतराने काम करेनासे होत. लेनोव्होने त्यावर अपडेट दिले आहे. दुकानदाराकडे विंडोज घातलेलेच असते, त्याच्याकडूनच ते टाकून घ्या आणि मग विंडोजचे काय करायचे ते ठरवा.

प्रश्न : मला नवाच घ्यायचा आहे. एकीकडे रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी. दुसरीकडे आय३-१२१५यू, ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा. दोन्ही जवळपास एकाच किमतीत. सगळे म्हणतात ‘५’ हा ‘३’ पेक्षा मोठा. (वाकड)

उत्तर : इथे तो लहान आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत प्रोसेसरची बांधणी तिसऱ्या आकड्यावरून कळते. ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २ हे जुने आर्किटेक्चर, ४ कोअरचे. ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. नावात एका आकड्याचा फरक, कामात मोठा. शिवाय ७३२०यू आणि ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतात आणि ती सोल्डर केलेलीच येते. ८ जीबीचा घेतला तर ८ वरच राहिलात, त्यातलाही काही भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवला जातो.

आय३-१२१५यू मध्ये २ वेगवान आणि ४ छोटे कोअर आहेत. एकेका कोअरचा वेग झेन २ पेक्षा बराच चांगला आणि रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी बसते. हाच घ्या. रॅम आणायला जाण्याआधी स्लॉट डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे मात्र बघा. याच प्रोसेसरचे दोन्ही प्रकारचे लॅपटॉप मिळतात आणि दोहोंची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही.

सेलेरॉन हा दुबळा प्रोसेसर आणि ईएमएमसी ही संथ साठवण असलेले पंधरा-वीस हजारांचे लॅपटॉप कोणी दाखवले तर हात जोडून पुढे चला.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर मिंट टाकायला घेतले तर इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही. विंडोज व्यवस्थित चालते, म्हणजे एसएसडी ठीक आहे. मला दोन्ही ठेवायचे आहेत. (हडपसर)

उत्तर : एसएसडी इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या थराआड लपली आहे. अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे वारंवार दिसते. बायोसमध्ये ते बंद करून एएचसीआय (लिनक्सला समजणारी साधी पद्धत) करायचे. पण थेट जाऊन बदललेत तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरूच केलेला नसतो. म्हणून हा क्रम पाळा.

सर्वांत आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सुविधा) चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ हे बऱ्याचदा न विचारताच चालू करते. रिकव्हरी की, ४८ आकडी असते ती, कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपवरच्याच फाइलीत ठेवलीत तर उपयोग शून्य. मग ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल निवडा. रीस्टार्ट करताना सरळ बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा किंवा साटा मोड एएचसीआय करा आणि सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि त्या वेळी योग्य ड्रायव्हर उचलेल. पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन सेफ बूटची खूण काढा.

एसरचा लॅपटॉप असेल तर हा पर्याय शोधून सापडणार नाही, तो लपवलेला असतो. बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबा, मग व्हीएमडीची ओळ उगवते.

जाता जाता विंडोजच्या पॉवर सेटिंगमधले फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही आणि लोक लिनक्सला बोल लावतात.

प्रश्न : लिनक्स झाले, पण वायफाय नाही. कार्ड रिअलटेक ८८५२बीई आहे. भावाच्या जुन्या पेन ड्राइव्हवरून मिंट २१ टाकले होते. घरात लॅनची वायर नाही. (सिंहगड रस्ता)

उत्तर : दोष पेन ड्राइव्हच्या वयाचा. मिंट २१ सोबत ५.१५ कर्नल (लिनक्सचा गाभा) येते आणि या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.२ पासून आला. मिंट २२ मध्ये ६.८ कर्नल आहे, ते टाका. बाकी काही खटपट नको. इंटरनेटवर सापडलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून बसवाल, तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ते काम नव्याने करावे लागू शकते.

तोवर फोन यूएसबी केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो लॅनच्या वायरसारखा दिसतो, ड्रायव्हर लागत नाही. ही युक्ती नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी हटकून कामी येते.

कार्डच बदलायचे ठरवलेत, आणि ते सोल्डर केलेले नसेल तरच ते शक्य आहे, तर इंटेलचे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतात. रायझनच्या लॅपटॉपमध्ये ती मुळीच ओळखली जात नाहीत. दुकानात ‘एकच आहे साहेब’ असे म्हणून हातात देतात, शेवटचा आकडा वाचून घ्या. अँटेनाच्या दोन बारीक वायरी काढताना नखाने सरळ वर उचला, तिरक्या ओढल्या तर टोक पिचते.

प्रश्न : मशीन लर्निंग शिकायचे आहे. त्यासाठी एनव्हीडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप सेकंडहँड घेऊ का? (औंध)

उत्तर : नको. शिकण्यापुरते काम गूगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइटांवर फुकटात होते. सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप उन्हात तापलेल्या तव्यासारखा वापरलेला असतो, बॅटरी दीड-दोन तास, वजन अडीच किलो. ते पैसे रॅममध्ये घाला.

प्रश्न : घरात पाचव्या पिढीचा आय३ लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. चालू व्हायला चार मिनिटे. धाकट्याला पायथन शिकायला यावर काही करता येईल का? (चिंचवड)

उत्तर : येईल, आणि नवा घेण्यापेक्षा हेच करा. हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी, २५६ जीबीची. चार मिनिटांचे अर्धे मिनिट एवढ्यानेच होईल. मग ८ जीबी रॅमची एक कांडी. इथे बरेच जण फसतात. पाचव्या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची असते, ती स्लॉटमध्ये नीट बसते पण लॅपटॉप चालूच होत नाही. कांडीच्या लेबलवर ‘पीसी३एल’ असे हवे, नुसते ‘पीसी३’ नको.

त्यावर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती किंवा डेबियन १३ हे दुसरे लिनक्स. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही सिस्टीमही डेबियनवरच बेतलेली आहे, पण अडचण आली तर मदत शोधायला मिंट-डेबियन सोपे पडतात.

प्रश्न : लिनक्सवर मराठी टाइप करता येते, पण ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’ होते. शिवाय टर्मिनलमध्ये मराठी अक्षरे तुटून दिसतात. फॉन्ट बिघडलाय का? (कर्वेनगर)

उत्तर : फॉन्ट ठीक आहे. आधी टर्मिनलचे : तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या रुंदीचा चौकोन असतो आणि देवनागरीची जोडाक्षरे त्या चौकटीत मावत नाहीत. डेटा शाबूत असतो. तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडून पाहा, नीट दिसेल.

दऱ्याखोऱ्यांच्या ‘ऱ्य’ साठी अक्षरच वेगळे आहे : नुक्ता असलेला ‘ऱ’. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डमध्ये ‘जे’ दाबले की ‘र’ येतो, शिफ्टसह ‘जे’ दाबले की ‘ऱ’. मग ‘डी’ने हलन्त, तिरप्या रेघेने ‘य’ आणि ‘ई’ने काना. म्हणजे समुद्रवाला ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ या दोन्हींना पाच कीज लागतात, फरक फक्त एका शिफ्टचा. इनस्क्रिप्टची सवय नसेल आणि उच्चाराप्रमाणे लिहायचे असेल, तर ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज टाका. त्यात मराठीचे फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट दोन्ही कीबोर्ड येतात.